विल्फचं वाण

मंगळवारी सकाळी रिडली स्टोबार्ट पाणी घालायला वाफ्याशी गेला, तर तीन लीक माना टाकून पडलेले. आदल्या संध्याकाळी चांगले ताठ होते. त्याने वाकून एकाला नुसतं बोट लावलं, तर मनगटाहून जाड असलेला तो लीक दुखऱ्या दातासारखा हलला. त्याने बुंध्याशी मातीत हात घातला आणि हात सरळ आत गेला. खाली माती नव्हतीच. गोल, गुळगुळीत बोगदा होता आणि त्यात लीकची पांढरी मुळं अधांतरी लोंबत होती.

"मोल!" तो ओरडला. "ऑड्री! अगं, मोल शिरलाय वाफ्यात!"

ऑड्रीने स्वयंपाकघराची खिडकी उघडली. "एवढंच ना? मला वाटलं तू पडलास."

"मी पडलो असतो तर परवडलं असतं!"

आता मोल म्हणजे काही वाघ नव्हे. चिचुंद्रीच्या भावकीतलं वीतभर काळं जनावर. डोळे असून नसल्यासारखे, पण पुढचे दोन पाय म्हणजे फावडीच. जमिनीखाली गांडुळं खात हिंडतो, बोगदे खणतो आणि खणलेली माती वर ढकलून जागोजागी ढिगारे करून ठेवतो. मुळांना तो तोंडही लावत नाही. पण मुळांखालची मातीच गेली तर मुळं काय वारा पिणार? आणि रिडलीच्या वाफ्याइतकी ओली, शेणखत खाऊन माजलेली, गांडुळांनी वळवळणारी जमीन सगळ्या हॉक्सलॉ गावात दुसरी नव्हती. सतरा वर्षं त्याने ती पोसली होती. पंगत त्यानेच मांडली, जेवायला मोल आला, एवढंच.

हॉक्सलॉत कोळशाची खाण होती तोवर माणसं खाणीत जात आणि वर आली की लीक लावत. खाण बंद पडली, लीक राहिले. लीक कांद्याचा चुलतभाऊ, पण इथे त्याचा थाट जावयाचा. सप्टेंबरात कामगार क्लबात प्रदर्शन भरतं. जोडीजोडीने लीक मांडतात, फीत लावून मोजतात आणि त्या मोजणीवरून सख्खे मेहुणे वर्षभर एकमेकांशी बोलत नाहीत. इथला माणूस शेजाऱ्याला शिडी देईल, कुदळ देईल, वेळ पडली तर बाटलीभर रक्तही देईल. आपल्या लीकचं बेणं मात्र देणार नाही. बेणं घरातच राहतं.

रिडलीकडचं वाण त्याच्या थोरल्या भावाचं, विल्फचं. वीस वर्षं निवडून निवडून विल्फने ते घडवलं. दोन वर्षांपूर्वी तो खाणीच्या धुळीने छाती भरून गेला. जाताना आपल्या लीकांकडे हात करून "सांभाळ" एवढंच म्हणाला. आणि हे वाण सांभाळणं म्हणजे पोर सांभाळण्याइतकंच कठीण. बी धरलं तर त्यातून भलतंच उगवतं. जुना लीक पुढच्या वर्षापर्यंत जगवायचा, त्याला दांडा येऊ द्यायचा, दांड्यावरच्या गेंदातली फुलं कातरून टाकायची. मग त्या जागी हिरवी पिल्लं फुटतात आणि नोव्हेंबरात ती काढून लावायची. वाफ्याच्या टोकाला असा एक जुना लीक कमरेएवढा दांडा उंचावून उभा होता. रिडली त्याला 'म्हातारी' म्हणायचा. तिच्या डोक्यावर पिल्लं नुकती कुठे फुटत होती.

दहा लीक आणि ती म्हातारी, एवढाच काय तो विल्फचा वंश. आणि सगळा एकाच वाफ्यात, चोरीच्या भीतीने उंच कुंपण घालून कुलपात ठेवलेला. कुलूप वर होतं. चोर खालून आला.

रिडलीने त्याच दिवशी युद्ध पुकारलं. क्लबात सगळे सांगतात की वासाने मोल पळतो, म्हणून बोगद्यात हेरिंग माशांची डोकी कोंबली. मोल पळाला नाही. गल्लीतली चार मांजरं मात्र आली आणि त्यांनी उरलासुरला वाफा उकरून ठेवला. मग वाऱ्याने घुमाव्यात म्हणून रिकाम्या बाटल्या पुरल्या. त्या घुमल्या खऱ्या, पण त्यांच्या आवाजाने झोप रिडलीचीच उडाली. मग ऑड्रीच्या कपाटातल्या डांबरगोळ्या गेल्या.

"माझे लोकरीचे कपडे आता किड्यांनी खायचे का?" ऑड्री म्हणाली.

"कपडे दुकानात मिळतात."

"लीकही मिळतात."

तिला काय कळायचं, असं मनात म्हणून तो फावडं घेऊन वाफ्यात उभा राहिला. रोज न्याहारी झाली की आठला उभा राहायचा तो बाराला जेवायला आत जाईपर्यंत. हलायचा नाही, खोकायचा नाही. जमीनही हलायची नाही. जेवून बाहेर आला की नवा ढिगारा! एकोणचाळीस वर्षं ज्याने जमिनीखाली खणण्यात घालवली, त्याला एक मूठभर जनावर खणण्यात हरवत होतं, आणि हे सांगायचं तरी कुणाला? क्लबातला प्रत्येक जण लीकवाला. रिडलीच्या वाफ्याखाली मोल शिरला हे कळलं असतं तर सेप ब्राउनलीने पेढेच वाटले असते. सेप क्लबाचा चिटणीस, आणि अकरा वर्षं विल्फच्या मागे दुसऱ्या नंबरावर राहून आंबट झालेला माणूस.

शनिवारपर्यंत सहा लीक गेले. म्हातारीचा दांडा एका बाजूला कलला.

"कुंडीत काढून घे तिला," ऑड्री म्हणाली.

"या दिवसांत मुळं हलवली तर पिल्लं गळतात."

"मग लान्सला बोलाव."

रिडलीने तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने भर स्वयंपाकघरात शिवी दिली.

"काय बघतोस? दरीपलीकडच्या म्हाताऱ्या मोलवाल्याने काम सोडलं. तो विष घालायचा, विषावर बंदी आली. आता उरला लान्स ऑर्ड. सापळे लावतो. त्याच्यासारखा मोलवाला इकडच्या चार गावांत नाही, हे तुलाही ठाऊक आहे."

"त्याचं नाव या घरात नको."

"हे वाक्य विल्फचं आहे. तुझं काय म्हणणं आहे ते सांग."

बावीस वर्षांपूर्वी खाणकामगारांनी संप केला होता. वर्षभर चालला. पोरांना सूप पाजून, कचऱ्यातून कोळशाचे तुकडे वेचून हॉक्सलॉने तो रेटला. संप संपायला तीन आठवडे उरले असताना एका सकाळी दगडांच्या भीतीने खिडक्यांना जाळ्या लावलेल्या बसमध्ये बसून लान्स ऑर्ड कामावर गेला. हॉक्सलॉतून एकटा. त्या दिवसापासून गावात त्याच्याशी कुणी बोललं नाही. क्लबाच्या यादीतून नाव कापलं, म्हणजे प्रदर्शनही बंद. दुकानदार त्याला सामान द्यायचा, पण तोंड उघडायचा नाही. शेवटी लान्स शहरातूनच सामान आणायला लागला. त्याची बायको गेली तेव्हा शवपेटी उचलायला परगावची माणसं आणावी लागली. तो गाव सोडून गेला नाही, हाच त्याचा आणखी एक गुन्हा. गल्लीच्या टोकाच्या घरात राहायचा, खांद्याला पिशवी लावून शेतांवर मोल पकडायला जायचा. समोरून आला की रिडली ढगांकडे बघायचा.

पण अडला हरी गाढवाचे पाय धरी, ही म्हण काही उगीच पडलेली नाही. रविवारी सकाळी रिडलीने कललेल्या म्हातारीला चार काठ्यांचा आधार दिला, खाली बसला, बराच वेळ बसला, आणि मग आत येऊन बायकोला म्हणाला, "तू बोलव. मी त्याच्याशी बोलणार नाही."

"सुंभ जळला तरी पीळ जळायचा नाही," असं काहीसं पुटपुटत ऑड्री कोट घालून बाहेर पडली.

लान्स आला तो फाटकापाशीच थांबला. उंच, वाळलेला माणूस, पिशवी आणि हातात लोखंडी सळई.

"ऑड्री," तो म्हणाला, "आत येऊ का, विचार."

ऑड्रीने तीन फुटांवर उभ्या नवऱ्याकडे पाहिलं. "आत येऊ का, विचारतोय."

"वाफ्यात पाय पडता कामा नये म्हणावं."

"नाही पडणार म्हणावं."

"नाही पडणार म्हणतोय."

"मला ऐकू येतं," रिडली म्हणाला.

"येतं ना? मग मी इथे कशाला उभी आहे?"

लान्स आत आला. ढिगाऱ्यांकडे त्याने फारसं पाहिलंच नाही. सळई जमिनीत टोचत टोचत तो भिंतीपासून वाफ्याकडे आला आणि एका जागी सळई सुरकन आत गेली, तिथे थांबला. "विचार त्याला, ढिगारा कधी येतो? तो जेवायला गेला की?"

रिडलीच्या कपाळावर आठी आली. "याला कसं कळलं, विचार."

"मोल तीन पाळ्यांत काम करतो म्हणावं. चार तास खणतो, चार तास झोपतो. या मोलची पाळी पहाटे चारला लागते, मग दुपारी बाराला, मग रात्री आठला. आणि हा आठ ते बारा फावडं घेऊन उभा! रस्त्यावरून दिसायचा मला. म्हणावं, तू पहारा देत होतास तेव्हा तो खाली घोरत होता."

तीन पाळ्या! खाणीतल्यासारख्या! रिडलीला हसू फुटणारच होतं, पण त्याने ते गिळलं आणि घसा साफ केल्यासारखं केलं. ऑड्रीने काही गिळलं नाही. ती दाराच्या चौकटीला धरून हसली.

लान्सने मातीत हात चोळले, सापळेही मातीत घोळवले. ढिगाऱ्यात त्याने एकही सापळा लावला नाही. "ढिगारा म्हणजे त्याचा उकिरडा," तो ऑड्रीला म्हणाला, पण आवाज रिडलीला ऐकू जाईल एवढा. "उकिरड्यावर कुणाची गाठ पडते? रोजच्या रस्त्यात गाठावं." भिंत आणि वाफा यांच्यामधल्या सरळ बोगद्यात त्याने सापळा बसवला, वर गवताचा तुकडा झाकला, फटी बोटाने बुजवल्या. काम असं हलक्या हाताचं की रिडली बघतच राहिला. आपण बघतोय हे लक्षात आलं तेव्हा त्याने नजर फिरवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सापळा मातीने गच्च भरलेला. मोल शहाणा निघाला होता. आणि सातवा लीक गेला होता.

"म्हणावं, हा कसला मोलवाला!" रिडली म्हणाला.

"म्हणावं, एकदा चुकलं. जागा बदलतो. बाराच्या पाळीपर्यंत थांबून ऐकावं लागेल."

ऑड्रीने एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं. "मी काय पोस्टमन आहे? बावीस वर्षं झाली, मी ऐकतेय हे. मी बहिणीकडे चालले. सहाच्या बसने येईन. तोवर मोल पकडा, नाहीतर एकमेकांना पकडा!" आणि खरंच पर्स उचलून निघून गेली.

मागे दोन म्हातारे उरले. रिडली वाफ्याच्या या टोकाला बादली पालथी घालून बसला, लान्स त्या टोकाला गवतावर. अकरा वाजले. माश्या म्हातारीच्या डोक्याशी घिरट्या घालत होत्या. साडेअकरा वाजले. बोलायला मधे कुणी नाही, आणि गप्प बसणं तर अगदी असह्य झालं. शेवटी रिडलीने उरलेल्या तीन लीकांकडे तोंड केलं.

"तीन आठवडे," तो लीकांना म्हणाला. "फक्त तीन आठवडे राहिले होते. अकरा महिने काढले आणि तीन आठवडे निघाले नाहीत लोकांना."

लान्सने सळईवरची माती पुसली. मग तो सळईला म्हणाला, "कारण हवंय का?"

रिडली लीकांकडेच बघत राहिला, पण त्याने कान टवकारले. या कारणाला द्यायचं उत्तर त्याने बावीस वर्षं तयार ठेवलं होतं. आई आजारी होती म्हणेल, तर माझीही होती. कर्ज होतं म्हणेल, तर कुणाला नव्हतं?

"कारण काही नव्हतं," लान्स म्हणाला. "लोक म्हणायचे, बायकोने पाठवलं. तिने नव्हतं पाठवलं. ती तर रडत होती. थंडी होती आणि मी कंटाळलो होतो. तुम्हालाही थंडी होतीच. तुम्हीही कंटाळला होतात. तुम्ही राहिलात, मी नाही राहिलो. बस्स."

रिडलीचं बावीस वर्षांचं उत्तर वाया गेलं. माणसाने खोटं कारण दिलं असतं तर ते तोडता आलं असतं. यात तोडायचं काय? त्याला राग आला, पण तो नेहमीचा राग नव्हता. त्याला लान्सची कीव आली आणि त्या कीवेचाच राग आला.

तेवढ्यात गवताखाली खट् झालं.

लान्सने झाकण काढून सापळा वर घेतला. काळाभोर, मखमलीसारखा मोल, मेलेला. पुढचे तळवे मात्र गुलाबी, स्वच्छ. रिडली जवळ येऊन वाकून बघत राहिला. एवढासा जीव, आणि यानेच सात लीक उभे मारले.

"तारेला टांगू?" लान्सने विचारलं. मोलवाल्यांची तशी रीतच आहे. पकडलेला मोल कुंपणाला लटकवायचा, म्हणजे मालकाला काम दिसतं. पण मालकाबरोबर गावालाही दिसलं असतं की स्टोबार्टच्या घरी लान्स ऑर्ड येऊन गेला. रिडलीने मान हलवली, नको. लान्सने मोल पिशवीत टाकला. त्याला काय ते कळलं होतं.

"दुसरा येईल," सापळा पुसत तो म्हणाला. या वेळी तो सळईशीही बोलत नव्हता आणि लीकशीही नाही. "तयार घर आहे, खाली वाटा आहेत, वर जेवण. भाडेकरू मिळायला कितीसा वेळ? मोल नाही आला तर अळी येईल, रोग येईल. बेणं एका वाफ्यात कुणी ठेवतं का? पिल्लं सुटली की निम्मी दुसरीकडे लाव."

ते तर बरोबरच होतं. पण दुसरीकडे म्हणजे कुठे? रिडली मनातल्या मनात गल्ली फिरून आला. सेप? मांजराला शिंकाळ्याची राखण! जॉस? तो सेपचा साडू. क्लबात त्रेपन्न सभासद, त्रेपन्नच्या त्रेपन्न लीक लावणारे, आणि विल्फच्या वाणासाठी प्रत्येकाची लाळ गळणारी. हॉक्सलॉत जमीन चांगली, हात चांगला आणि तरीही प्रदर्शनात पाऊल टाकू शकत नाही असा माणूस एकच होता. तो समोर सापळा पुसत होता.

"तू ठेवशील?" रिडली म्हणाला.

बावीस वर्षांतला पहिला शब्द. दोघांनाही तो जरा मोठाच ऐकू आला.

लान्सचा हात थांबला. "मी? मीच का?"

खोटं सांगता आलं असतं. पण लान्सने मघाशी खोटं सांगितलं नव्हतं, आणि ते रिडलीला आड येत होतं. "तुला मांडता येत नाहीत म्हणून."

लान्स हसला. बरं वाटावं असं ते हसू नव्हतं. "म्हणजे थडग्यात ठेवल्यासारखं. चोरी नाही, चढाओढ नाही."

"तसंच."

"मग नाही ठेवणार." त्याने पिशवी खांद्याला लावली. "तुझ्या भावाचं वाण सोन्यासारखं आहे, मला माहीत आहे. कुणी माणूस समजून दिलं असतं तर दोन्ही हात पुढे केले असते. मांडता येणार असेल तर घेईन. मेलेला समजून देत असशील तर थडगी गावात पुष्कळ आहेत." आणि तो फाटक लावून निघून गेला.

संध्याकाळी ऑड्री आली. "पकडला?"

"पकडला."

"बोललात?"

"बोललो. पिल्लं ठेवशील का विचारलं. नाही म्हणाला."

का नाही म्हणाला, तेही त्याने सांगितलं. ऑड्रीने सगळं ऐकून घेतलं, कोट खुंटीला लावला आणि म्हणाली, "शाबास." कुणाला म्हणाली, ते रिडलीने विचारलं नाही.

सप्टेंबरात रिडलीने उरलेल्या तिघांतली एक जोडी प्रदर्शनात मांडली. सातवा नंबर आला. सेप फीत गुंडाळत म्हणाला, "काय रे, यंदा पातीचे कांदे आणलेस वाटतं?" सगळे हसले. रिडलीही हसला, कारण दुसरं करणार काय? मांडण्यासाठी मुळं छाटलेली ती जोडी त्याने घरी आणली. ऑड्रीने तिचं सूप केलं आणि तो ते मुकाट्याने प्यायला.

ऑक्टोबरात नवा भाडेकरू आला. लान्सने सांगितलं होतं तसंच झालं. शेवटचा लीक गेला आणि म्हातारी चार काठ्यांवर अक्षरशः लोंबायला लागली. आता विल्फचं जे काही होतं ते त्या एका दांड्याच्या टोकावर होतं. या वेळी रिडलीने बायकोला पाठवलं नाही. भर दुपारी, सगळ्या खिडक्यांसमोरून चालत जाऊन त्याने स्वतः लान्सचं दार ठोठावलं.

"आलाय," तो म्हणाला.

"येतो," लान्स म्हणाला.

दीड दिवसात मोल सापडला. पिल्लांचा विषय दोघांनीही काढला नाही. पण रिडलीच्या डोक्यातून लान्सचं ते 'मेलेला समजून' जात नव्हतं. दाढी करताना, चहा पिताना, रात्री कूस बदलताना तेच. आपण याला मेलेला समजलो होतो का? समजलो होतो. चांगली बावीस वर्षं.

नोव्हेंबरात म्हातारीने चौदा पिल्लं दिली आणि वाळून गेली. रिडलीने सात-सात करून दोन खोक्यांत लावली. पहिल्या रविवारी क्लबाची वार्षिक सभा होती. सेपने विषय भराभर उरकले, छप्पर गळतं त्यावर वाद झाला, बिअर महागली त्यावर जास्त वाद झाला.

"आणखी कुणाचा काही विषय?" सेपने वही मिटता मिटता विचारलं.

"माझा आहे." रिडली उभा राहिला. त्याने टेबल धरलं. "लान्स ऑर्डचं नाव यादीत परत घालावं."

मागच्या खोलीतल्या बर्फाच्या यंत्राची घरघर एकदम ऐकू यायला लागली.

"रिडली," सेप हळूच म्हणाला, आणि या वेळी त्यात टोमणा नव्हता, "विल्फ असता तर काय म्हणाला असता?"

"विल्फ असता तर त्याने मलाच उचलून बाहेर टाकलं असतं. विल्फ नाहीये. मी आहे."

"तुझे मोल पकडले म्हणून होय?" कुणीतरी मागून ओरडलं. म्हणजे गावाला सगळं कळलं होतंच. हशा झाला.

"हो, पकडले! चांगले पकडले!" रिडलीचा आवाज चढला. "त्याने संप फोडला, ते मी विसरलेलो नाही. मरेपर्यंत विसरणार नाही. पण बावीस वर्षं झाली रे! खून केला असता तरी एव्हाना सुटून आला असता तो!"

सेपने वही उघडली. नियम म्हणजे नियम. "बाजूने?"

रिडलीने हात वर केला. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. माणसं आपापल्या ग्लासात बघत होती. त्यांचा त्याला राग आला नाही. दोन महिन्यांपूर्वी तोही असाच ग्लासात बघत बसला असता. सेपने नीट, सावकाश मोजल्यासारखं केलं, मोजायला काही नसताना. रिडली खाली बसला तेव्हा शेजारच्या जॉसने खुर्ची जराशी पलीकडे सरकवली. वीतभरच. पण ती वीत रिडलीला काळजात लागली.

घरी येऊन त्याने एक खोकं उचललं आणि तसाच गल्लीच्या टोकाला गेला. लान्सने दार उघडलं.

"हरलो," रिडली म्हणाला.

"किती मतांनी?"

"एक."

"एका मताने?" लान्सचे डोळे मोठे झाले.

"नाही. एकच मत पडलं."

लान्स दारात उभाच राहिला. मग त्याचं लक्ष खोक्याकडे गेलं, सात हिरव्या काड्यांकडे. "मग हे कशाला आणलंस? मांडता तर येणार नाहीत. ठेवायचीच असतील तर माझं उत्तर तेच आहे."

"ठेवायला नाही आणली. देतोय." रिडलीने खोकं त्याच्या हातात दिलं. "तुझी झाली. पुढच्या वर्षी पुन्हा सभा आहे, मी पुन्हा विचारणार आहे. त्याच्या पुढच्या वर्षीही विचारीन."

"आणि कधी मांडता आली, आणि तुझ्यापेक्षा मोठी निघाली तर?"

"तर निघाली. आधी जगव तरी."

लान्सने खोकं दोन्ही हातांनी छातीशी धरलं आणि दारातून बाजूला झाला. "ये आत," तो म्हणाला. "बस जरा. या घरात गावातलं कुणी बसलेलं नाही. चहा कुणाला किती गोड लागतो तेसुद्धा मला माहीत नाही."

"दोन चमचे," रिडली म्हणाला. त्याला रडू येत होतं, आणि ते लपवायला तो पायपुसण्यावर बूट पुसत राहिला, पुसत राहिला, मग आत गेला.